आभासी शर्यतीचे तंत्र, लेखांक ७ : ड्रिफ्ट शिकण्यासाठी पहिली गाडी

वळणावर गाडीची मागची चाके जाणूनबुजून पकडीबाहेर न्यायची, पुढची चाके वळणाच्या उलट दिशेला फिरवायची, आणि तो तिरकेपणा अ‍ॅक्सिलरेटरच्या दाबाने टिकवून धरत गाडी वळणाबाहेर काढायची, या क्रियेला ड्रिफ्ट म्हणतात. रेसिंग गेममध्ये ती शिकू पाहणाऱ्याला गॅरेजमध्ये शेकडो गाड्या मिळतात आणि तेथेच बहुतेकांची पहिली चूक होते. सर्वांत ताकदवान, सर्वांत देखणी गाडी निवडली जाते, ती प्रत्येक वळणावर भोवरा होऊन फिरते, आणि आठवडाभरात शिकणारा ड्रिफ्टचा नाद सोडून देतो. पहिली गाडी किती धूर काढते यावर तिची किंमत ठरत नाही. मागची चाके सुटल्याचे शिकणाऱ्याला कळणे आणि गाडी पूर्ण फिरून उलटी उभी राहणे, या दोन क्षणांमध्ये ती त्याला किती वेळ देते, हीच तिची खरी कसोटी आहे.

हा वेळ कोठून येतो हे समजण्यासाठी टायरच्या दोन गुणांकडे पाहावे लागते. टायर ज्या दिशेला तोंड करून असतो आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला सरकतो, त्या दोन दिशांमधील कोनाला स्लिप अँगल म्हणतात. हा कोन वाढत जातो तशी टायरची बाजूची पकड आधी वाढते, काही अंशांवर ती शिखर गाठते आणि त्यापुढे उतरू लागते. ड्रिफ्ट म्हणजे मागच्या टायरांना या उतारावर मुक्काम करायला लावणे. दुसरा गुण असा की, टायरजवळची एकूण पकड मर्यादित असते आणि तिचा जेवढा भाग गाडी पुढे ढकलण्यात खर्च होतो, तेवढा भाग बाजूला सरकणे रोखण्यासाठी उरत नाही. म्हणूनच ज्या गाडीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते, म्हणजे रिअर व्हील ड्राइव्ह गाडीत, चालकाच्या उजव्या पायाला मागची बाजू सोडण्याची आणि आवरण्याची किल्ली मिळते. ज्या गाडीत पुढचीच चाके ओढण्याचेही आणि वळण्याचेही काम करतात, तेथे ती किल्ली नसते.

म्हैसूरमधल्या शिकणाऱ्याला हा भेद विशेष ध्यानात घ्यावा लागतो, कारण त्याच्या घरची गाडी बहुधा फ्रंट व्हील ड्राइव्ह असते. प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसेडर यांची मागची चाके गाडी ढकलत असत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि त्यानंतरच्या भारतीय छोट्या मोटारी बहुतांशी पुढच्या चाकांवर चालू लागल्या. त्याच वर्षी जपानमध्ये टोयोटाने कोरोलाची नवी पिढी फ्रंट व्हील ड्राइव्ह केली, परंतु तिच्या एई८६ या आवृत्तीत मागच्या चाकांची जुनी रचना तशीच ठेवली, आणि ड्रिफ्टच्या इतिहासात कोरोलाचे नाव राहिले ते या एका निर्णयामुळे. म्हैसूरला ललिता महालाजवळच्या हेलिपॅड मैदानावर झालेल्या ग्रॅव्हल फेस्ट या मोटार स्पर्धेत मातीवरून आडव्या सरकणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना ड्रिफ्ट आपल्या ओळखीचा वाटेल. पण पुढच्या चाकांवर चालणारी गाडी सैल मातीवर आडवी होते ती हँडब्रेक ओढल्याने किंवा अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडल्याने, आणि पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबताच ती सरळ व्हायला लागते. रिअर व्हील ड्राइव्ह गाडीत नेमके उलट घडते, पाय दाबला की मागची बाजू आणखी बाहेर जाते. घरच्या गाडीवर बसलेली सवय येथे आड येते, म्हणून गेममध्येही पहिली निवड मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचीच असावी.

ताकदीचा प्रश्न त्यानंतरचा. स्पर्धेसाठी बांधलेल्या ड्रिफ्ट गाड्यांची ताकद हजार अश्वशक्तीच्या घरात जाते, कारण त्यांच्या रुंद आणि चिकट टायरांना सुटे करण्यासाठी तेवढा जोर लागतो. असा जोर आणि अशी पकड यांची जोडी नवशिक्याच्या हाती आली की पकड सुटण्याचा आणि परत बसण्याचा क्षण इतका आकस्मिक होतो की त्याच्या हातांना त्याचा माग घेता येत नाही. सुमारे १५० ते २५० अश्वशक्ती आणि साधे रस्त्यावरचे टायर ही जोडी त्या मानाने कितीतरी समजूतदार आहे. पकड कमी असल्यामुळे गाडी कमी वेगात घसरते, वेग कमी असल्यामुळे प्रत्येक घटना हळू घडते, आणि चूक झाली तर ती कोठे झाली हे डोळ्यांना दिसते. टोयोटाने २०१२ मध्ये जीटी८६ बाजारात आणताना हाच विचार केलेला दिसतो, कारण सुमारे २०० अश्वशक्तीच्या या स्पोर्ट्स गाडीला तिने मुद्दाम अरुंद आणि बेताच्या पकडीचे टायर दिले.

ताकदीइतकीच महत्त्वाची, पण गेमच्या गॅरेजमध्ये फारशी न पाहिली जाणारी गोष्ट म्हणजे व्हीलबेस, अर्थात पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर. हे अंतर जितके कमी, तितकी गाडी स्वतःभोवती चटकन फिरते. ते वाढले की फिरणे संथ होते आणि उलट स्टीअरिंग, म्हणजे काउंटर स्टीअरिंग, देण्यासाठी अधिक अवधी मिळतो. १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या माझदा एमएक्स-५ चा व्हीलबेस २२६५ मि.मी., एई८६ चा २४०० मि.मी., निसान सिल्व्हिया एस१३ चा २४७५ मि.मी. आणि जीटी८६ चा २५७० मि.मी. आहे. एमएक्स-५ ही हलकी, आज्ञाधारक आणि आनंद देणारी गाडी आहे यात शंका नाही, तथापि तिचा आखूडपणा नवशिक्याला क्षमा करत नाही. तिरकेपणा थोडा जास्त झाला की ती हात पोचण्याआधीच फिरून जाते. या चारांमधला फरक कागदावर काही बोटांचा वाटतो, पण गेममध्ये एकच वळण चारही गाड्यांनी घेऊन पाहिले की तो हातांना तत्काळ कळतो.

एई८६ विषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण बहुतेक तरुण खेळाडू तिचेच नाव घेऊन येतात. जपानच्या डोंगरी घाटांत गाडी चालवत पुढे आलेले केइची त्सुचिया यांनी या गाडीला कीर्ती मिळवून दिली आणि १९९५ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या शुइची शिगेनो यांच्या ‘इनिशियल डी’ या चित्रकथामालिकेने ती जगभर पोचवली. परंतु तिचे १.६ लिटरचे इंजिन जेमतेम १३० अश्वशक्तीचे असल्यामुळे केवळ अ‍ॅक्सिलरेटर दाबून तिची मागची बाजू फार काळ बाहेर ठेवता येत नाही. ब्रेकने वजन पुढच्या चाकांवर आणणे, गाडी क्षणभर उलट्या बाजूला झुकवून मग वळणात टाकणे, क्लचचा झटका देणे, असे उपाय तिच्याकडून ड्रिफ्ट काढून घेण्यासाठी करावे लागतात. हे उपाय पुढे यायलाच हवेत, आणि ते शिकवण्यात या गाडीचा हात कोणी धरू शकत नाही. मात्र ज्याला अजून तिरकेपणा टिकवताच येत नाही त्याच्यावर हे सारे एकाच वेळी लादणे अन्यायाचे आहे. एई८६ ही उत्तम दुसरी गाडी आहे.

पहिली गाडी म्हणून या लेखमालेची शिफारस सिल्व्हिया एस१३ किंवा जीटी८६ यांची आहे. २०१४ मध्ये पूर्णरूपात आलेल्या असेटो कोर्सा या सिम्युलेटरमध्ये ड्रिफ्टसाठी जुळवलेली बीएमडब्ल्यू एम३ ई३० मिळते, तीही याच पंक्तीत बसते. जी गाडी निवडली जाईल तिच्या मागच्या आसात लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असावा; डिफरन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारी यंत्रणा. साधा डिफरन्शियल वळणात आतल्या, हलक्या झालेल्या चाकालाच फिरू देतो आणि जोर तेथेच वाया जातो. लिमिटेड स्लिप प्रकारात दोन्ही चाके जवळजवळ एकत्र फिरतात आणि मागची बाजू एकजिनसीपणे घसरते. ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल या दोन्ही सोयी बंद कराव्यात, कारण घसरण थांबवणे हेच त्यांचे काम असते. स्टीअरिंग व्हीलचा संच असेल तर घसरताना ते व्हील आपणहून उलट दिशेला फिरू लागते, कारण पुढची चाके गाडीच्या प्रत्यक्ष गतीच्या दिशेकडे वळू पाहतात. त्याला घट्ट न पकडता हातांतून सरकू द्यावे. इन्फोसिसच्या म्हैसूर प्रशिक्षण केंद्रात महाराष्ट्रातून आलेल्या एखाद्या अभियंत्याजवळ लॅपटॉप आणि गेमपॅड एवढेच असेल, तरी त्याने खट्टू होण्याचे कारण नाही. अ‍ॅक्सिलरेटर बोटाने दाबायचा असल्यामुळे जास्त ताकदीची गाडी त्याला अधिकच जाचक ठरेल, आणि म्हणून मध्यम ताकदीचा आग्रह त्याने दुप्पट निष्ठेने पाळावा.

म्हैसूरच्या संगीतवर्गात सरळी वरसे, म्हणजे कर्नाटक संगीतातले सुरुवातीचे स्वरपाठ, आधी पहिल्या काळात, म्हणजे संथ लयीत, पक्के होतात आणि मगच दुसऱ्या, तिसऱ्या काळात म्हटले जातात. गाडीच्या बाबतीतही हाच क्रम धरावा. आधी मोकळ्या मैदानात दुसऱ्या गिअरमध्ये एकाच खुणेभोवती गोल घसरत राहावे, मग दोन खुणांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढावा, आणि तो दोन्ही बाजूंनी न अडखळता निघेपर्यंत गाडी, टायर किंवा सेटिंग यांतले काहीही बदलू नये, कारण गाडी बदलली की चूक हातांची होती की यंत्राची हे ठरवण्याचा आधारच नाहीसा होतो.

हा सराव पडद्यावरच राहिला पाहिजे. सार्वजनिक रस्त्यावर अशी गाडी चालवणे हे धोकादायक वाहनचालन ठरते आणि त्यासाठी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ मध्ये शिक्षा आहे. रस्त्यावरील शर्यतींना कलम १८९ लागू होते. ज्यांना प्रत्यक्ष अनुभव हवा असेल त्यांनी कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅकसारख्या बंदिस्त जागी, जाणकारांच्या देखरेखीखाली होणाऱ्या सत्रांची वाट पाहावी. पुढील लेखांकात वजन पुढे-मागे हलवण्याच्या तंत्राचा विचार होईल आणि त्यासाठी एई८६ घेतली जाईल. तोपर्यंत वाचकांनी एस१३ किंवा जीटी८६ यांपैकी एकच गाडी निवडून आठचा आकडा दोन्ही दिशांनी पक्का करावा.