थायरॉइडचा कर्करोग आणि सायटोकाइनची दुहेरी भूमिका

वाशीम जिल्ह्यातील रिसोड किंवा मानोऱ्यासारख्या तालुक्यात कोणाच्या गळ्याला गाठ दिसली, की घरच्यांच्या मनात पहिली शंका कर्करोगाची येते आणि दुसरी मोठ्या शहरातील खर्चाची. वास्तविक थायरॉइड ग्रंथीतील बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. कर्करोगाच्या निघणाऱ्या गाठींतही ‘पॅपिलरी’ हा संथ वाढणारा प्रकारच सर्वाधिक आढळतो. मात्र गाठ संथ राहणार की पसरणार, हे केवळ कर्कपेशींवर ठरत नाही. त्या पेशी आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा यांच्यातील रासायनिक संवादावरही ते अवलंबून असते. सायटोकाइन हे या संवादाचे माध्यम होय.

सायटोकाइन म्हणजे पेशींनी स्रवलेली लहान प्रथिने. १९७४ मध्ये स्टॅन्ले कोहेन यांनी हे नाव सुचविले. जंतुसंसर्ग झाल्यास हीच प्रथिने पांढऱ्या पेशींना पाचारण करतात आणि दाह निर्माण होतो. ‘इंटरफेरॉन-गॅमा’ हे सायटोकाइन कर्कपेशींचा नाश करणाऱ्या पेशींना सज्ज करते.

कर्करोग मात्र हीच यंत्रणा आपल्याकडे वळवून घेतो. पॅपिलरी कर्करोगात ‘रेट’ किंवा ‘बीरॅफ’ जनुकात बिघाड झालेला असतो. असा बिघाड झालेल्या पेशी ‘इंटरल्युकिन-८’सारखी प्रथिने स्वतःच स्रवू लागतात. त्यामुळे गाठीभोवती नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि भक्षक पेशी तेथे गोळा होतात. ‘इंटरल्युकिन-१०’ प्रतिकारशक्तीला मवाळ करते. अत्यंत घातक अशा ‘अॅनाप्लास्टिक’ प्रकारात तर गाठीचा मोठा हिस्सा या भक्षक पेशींनीच व्यापलेला असतो.

तरीही दाहाला सरसकट दोषी ठरवता येत नाही. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णिलेला थायरॉइडचा जुनाट दाह पुष्कळदा पॅपिलरी कर्करोगासोबत आढळतो. अशा रुग्णांतील कर्करोग तुलनेने सौम्य असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

म्हणूनच रक्तातील सायटोकाइनच्या प्रमाणावरून थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान होत नाही. साधा ताप किंवा संधिवात यांतही ते प्रमाण वाढते. निदानाचा भरवशाचा मार्ग म्हणजे गळ्याची सोनोग्राफी आणि गरज भासल्यास सुईने पेशी काढून केलेली तपासणी. शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन द्यावे लागते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे परळ येथील ‘रेडिएशन मेडिसिन सेंटर’ १९६३ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे.

वाशीमहून मुंबईचे अंतर सुमारे पाचशे किलोमीटर. त्या प्रवासाची वेळ येवो न येवो, पहिली पायरी घराजवळच चढायची असते. वाढत जाणारी गाठ, बसलेला आवाज किंवा गिळताना होणारा त्रास यांपैकी काहीही जाणवल्यास विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे. लवकर ओळखलेला पॅपिलरी कर्करोग बहुतेक रुग्णांत पूर्ण बरा होतो.