बोट लागते म्हणून बोट सोडू नका

कोल्हापूर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. पोहायला शिकायचं ते पंचगंगेच्या घाटावर, नाहीतर शेतातल्या विहिरीत. भरतीची तयारी म्हणजे लष्कर किंवा पोलीस. त्यामुळे पोरगा मर्चंट नेव्हीत निघाला की घरच्यांना वाटतं, नौदलात लागला. तसं नाही. तेल, कोळसा, कंटेनर वाहणाऱ्या व्यापारी जहाजावरची ही कराराची नोकरी आहे. युद्धनौकांशी तिचा संबंध नाही.

सर्वांत मोठी धास्ती बोट लागण्याची. 'ज्याला पहिल्या दिवशी ओकारी झाली, तो दर्यावर टिकत नाही,' हा समज साफ चुकीचा आहे. आतला कान सांगतो की आपण हलतोय आणि केबिनच्या भिंती डोळ्यांना स्थिर दिसतात, या विसंगतीने मळमळतं. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं. ब्रिटिश आरमाराचा सेनानी नेल्सन याला तर उभ्या कारकिर्दीत बोट लागत असे. उघड्या हवेत यावं, नजर क्षितिजावर ठेवावी, कोरडी बिस्किटं थोडी थोडी खावीत. तांबडा रस्सा पोट स्थिरावल्यावर!

जहाजावर पहिल्या रात्री झोपण्याआधी मस्टर लिस्ट, म्हणजे आणीबाणीत कोणी कुठे जमायचं याची यादी, वाचायची. आपली जमण्याची जागा कुठली, लाइफबोट कोणती, लाइफजॅकेट कुठे, हे पाठ हवं. किमान सात छोटे भोंगे आणि मागून एक लांब भोंगा म्हणजे आणीबाणी. तो ऐकल्यावर रस्ता शोधायला वेळ नसतो, म्हणून केबिनपासून त्या जागेपर्यंत एकदा स्वतः चालून यावं.

'नव्या पोराला दिवसरात्र राबवतात' हेही ऐकू येतं. काम कष्टाचं आहे, पण २४ तासांत किमान १० आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्या तासांची नोंद ठेवली जाते आणि तिच्यावर खलाशाची सही लागते. न मिळालेल्या झोपेवर सही करू नये.

फुकटात जग बघायला मिळतं, हे अर्धंच खरं. कंटेनर जहाज अनेकदा दिवसभरात माल उतरवून निघतं आणि शहर धक्क्यापासून लांब असतं.

शेवटचा गैरसमज खिशाला भारी पडतो: 'एजंटला लाखभर दिल्याशिवाय जहाज मिळत नाही.' भारताने २०१५ मध्ये सागरी कामगार करार मान्य केला. त्यानुसार नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाची नोंदवही) आणि वैद्यकीय दाखल्याचा खर्च तेवढा त्याच्याकडे येऊ शकतो. जमीन गहाण टाकण्याआधी डीजी शिपिंगच्या (नौवहन महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर त्या एजन्सीचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना तपासा.