चाकांवरचं घर, देशोदेशीचं

ओटा, अंथरूण, संडास, सगळं आत असलेली गाडी परदेशात विकत मिळते. पण प्रत्येक देशात ती वेगळी.

जपानमध्ये गल्ल्या अरुंद. तिथं 'केई' नावाच्या छोट्या गाडीतही असं घर थाटतात. लांबी जेमतेम ३.४ मीटर, पण कर कमी! जर्मनीत १९९९ पासून नव्या साध्या परवान्यावर ३.५ टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते. म्हणून गाडी घेताना आधी वजन बघायचं. पाण्याची टाकी भरली, सायकली चढवल्या, की काटा पुढे सरकलाच.

अमेरिकेत रस्ते रुंद, म्हणून बसएवढ्या गाड्याही खपतात. झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय असेल तर तिच्या कर्जावर घरासारखी करसवलतही मिळू शकते. म्हणजे हौसेच्या गाडीला सरकारदरबारी घराचा मान.

त्याच देशात २००८ च्या मंदीनंतर घर गमावलेली, भाडं न परवडणारी वयस्क माणसं जुन्या व्हॅनमध्ये राहू लागली. त्यात एकट्या बायकाही आहेत. आपल्याकडे ऊसतोडीला बिऱ्हाड निघतं, तशी यातली काही साखरबीटाच्या काढणीला जातात. आणि कित्येक शहरांत रात्री गाडीत झोपायला मनाई! मग अंधार पडला की जागा शोधत फिरायचं.