मोटारहोममधून विद्युत व्हीलचेअरची वाहतूक
मोटारहोम हे राहण्याची सोय असलेले मोटारवाहन होय. युरोप-अमेरिकेत अशा वाहनांतून हिंडणारे अपंग प्रवासी आपली विद्युत व्हीलचेअर आतल्या सामानकक्षात किंवा मागे जोडलेल्या फलाटावर नेतात. बॅटरीसह तिचे वजन अनेकदा १०० किलोग्रॅमहून अधिक भरते. फलाट मागील आसापलीकडे असल्याने येथे तरफेचा नियम लागू होतो : आसांतील अंतर ४ मीटर असता १२० किलोग्रॅमची खुर्ची मागील आसामागे २ मीटरवर ठेवल्यास त्या आसावर १८० किलोग्रॅम भार वाढतो आणि पुढील आसावरचा ६० किलोग्रॅमने घटतो, परिणामी सुकाणूची पकड सैल होते. म्हणून केवळ फलाटाची क्षमता पाहून भागत नाही, भरलेले वाहन आसनिहाय तोलावे लागते. खुर्ची चार पट्ट्यांनी बांधतात. तिच्या ब्रेकवर विसंबणे धोक्याचे. आच्छादनही हवेच. नियंत्रक दांड्यात पाणी शिरले, तर मुक्कामी पोहोचूनही प्रवासी वाहनातच अडकून पडतो.