फाइलींचा क्रम ठरवायचा कुणी?

मालाड, माहुल, माळशिरस. ही तीन नावं वर्णानुक्रमे लावा म्हटलं, तर शाळेत शिकलेल्या वर्णमालेप्रमाणे ती अशीच लागतील, कारण आपला 'ळ' 'ह'च्या नंतर येतो. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयातल्या वर्णमालेतही तसंच आहे. पण हीच नावं संगणकाला युनिकोडच्या नुसत्या क्रमांकांवरून लावायला सांगा. तिथे 'ळ'ची जागा 'ल'च्या पाठोपाठ, 'व'च्या आधी. मग माळशिरस मध्ये येतं आणि आपण आज जिथे बसलो आहोत ते माहुल जातं शेवटी. ठिकाणं जागच्या जागी आहेत, यादी तेवढी बदलली.

तेव्हा 'फाइली वर्णानुक्रमे लावू, त्यात ठरवायचं काय?' हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. इंग्रजी नावांतही हाच घोळ आहे: कुठे कॅपिटल 'झेड' स्मॉल 'ए'च्या आधी येतो, कुठे दहा क्रमांकाची फाइल दोनच्या आधी.

आता कोड रिव्ह्यूकडे वळू. एकाने केलेला बदल दुसरा तपासतो. बदल पंधरा फाइलींत असेल तर गिटहब त्या नावाच्या क्रमाने दाखवतं, आणि माणूस वरून खाली वाचत जातो. २०२२ साली फ्रेग्नान आणि सहकाऱ्यांनी यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. १३८ जावा प्रकल्पांतल्या दोन लाखांहून अधिक पुल रिक्वेस्ट त्यांनी पाहिल्या: वर दिसणाऱ्या फाइलींवर शेरे जास्त. मग १०६ जणांवर प्रयोग केला. दोन प्रकारच्या दोषांपैकी एकावर जागेचा परिणाम दिसला नाही; पण दुसरा दोष असलेली फाइल पहिली न ठेवता शेवटी ठेवली, तर तो सापडण्याची शक्यता बरीच घटली. त्यांच्या हिशेबात 'ऑड्स' ६४ टक्क्यांनी कमी. म्हणजे फाइलीचं नाव 'टी'ने सुरू होतं एवढ्याच कारणाने तिच्याकडे थकलेले डोळे जातात. टेस्टच्या फाइली बहुधा याच खाली राहिलेल्यांत असतात, हे तुम्हाला सांगायला नको.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारे, त्यामुळे आम्हाला इथे पूर्वमीमांसा आठवते. जैमिनीच्या सूत्रांचा अख्खा पाचवा अध्याय क्रमावर आहे. यज्ञातली कृत्यं कुठल्या क्रमाने करायची, हे ठरवायला मीमांसकांनी सहा प्रमाणं मानली: श्रुती, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य आणि प्रवृत्ती. आधीचं प्रमाण नंतरच्यापेक्षा बलवान. त्यांचं प्रसिद्ध उदाहरण असं: अग्निहोत्राच्या प्रकरणात होम आधी सांगितला आहे आणि यवागू, म्हणजे पेज, शिजवणं नंतर. पण होम त्या पेजेचाच करायचा! मग पेज आधी शिजवली पाहिजे. पाठक्रमापेक्षा अर्थक्रम बलवान, तो असा.

वर्णानुक्रम हा आपला पाठक्रम. यादीत आधी आलं म्हणून आधी वाचलं, इतकंच. अर्थक्रम विचारतो, कुठली फाइल समजल्याशिवाय पुढची समजणार नाही? क्यूईएमयू या प्रकल्पाने अशी यादी लिहूनच ठेवली आहे: दस्तऐवज आणि हेडर फाइली आधी, सी भाषेतला प्रत्यक्ष कोड नंतर. काय कबूल केलंय ते आधी वाचा, ते पाळलंय का ते मग पाहा. गिटमध्ये अशी क्रमाची फाइल देण्याची सोय आहे. ती सर्वांच्या संमतीने प्रकल्पातच ठेवली की तो झाला श्रुतिक्रम, स्पष्ट शब्दांत सांगितलेला. मग दर वेळी वाद नको.

मुख्यक्रमही कामाचा आहे. मुख्य कर्मांचा जो क्रम, तोच त्यांच्या अंगांचा. म्हणून टेस्ट तिच्या फाइलीच्या जोडीने वाचावी, सगळ्या टेस्ट तळाशी ढकलू नयेत. काही जण टेस्टच आधी वाचतात, तेही चालेल, टीमने तसं ठरवलं असेल तर. आणि प्रवृत्तिक्रम: प्रजापतीसाठीच्या सतरा पशूंवर पहिला संस्कार कुठूनही सुरू करा, पण पुढचे संस्कार त्याच क्रमाने. रिव्ह्यूच्या दुसऱ्या फेरीत फाइली पुन्हा उलटसुलट झाल्या की काय होतं, ते भोगलेल्यांना यातलं शहाणपण लगेच कळेल.

एक फरक मात्र आहे. मीमांसकांचा वेद अपौरुषेय, कर्त्याला विचारायची सोयच नाही. तुमचा कर्ता शेजारच्या खुर्चीवर चहा पीत बसलेला असतो. त्याने वर्णनात दोन ओळी लिहाव्यात: 'इथून वाचायला लागा, या फाइलीत फक्त नाव बदललंय.'

फाइलीच्या आतल्या क्रमाचं थोडक्यात सांगतो. फंक्शनं वरखाली हलवायची असतील तर ते वेगळ्या कमिटमध्ये करा. हलवलेला मजकूर डिफमध्ये एकीकडे खोडलेला आणि दुसरीकडे नव्याने लिहिलेला दिसतो. त्यात एक अट उलटी झाली असेल, तर ती शोधायची कुणी? शिवाय क्रम आवडला नाही म्हणून दुसऱ्याचा बरोबर असलेला बदल अडवू नये. क्रमाची तक्रार क्रमाच्या यादीवर करावी, ती यादी बदलून घ्यावी आणि पुढच्या बदलापासून लागू करावी.

दोनच फाइली असतील तर? तर वाचा आणि मोकळे व्हा.