फौजेचा रेडिओ, गावाची गाणी

हुलसूर बीदर जिल्ह्यात, पण लातूर जिल्ह्याची हद्द हाकेच्या अंतरावर. 1948च्या सप्टेंबरपर्यंत हा निजामी मुलूख. उदगीर, निलंगा, अहमदपूरही तेव्हा बीदर जिल्ह्यातच होते; 1956 साली ते मुंबई राज्यात गेले आणि हुलसूर म्हैसूर राज्यात. घरात मराठी, बाजारात कानडी आणि शाळा-कचेरीत उर्दू, अशा वळणाचा इथला माणूस दुसऱ्या महायुद्धातल्या फौजी रेडिओचा तयार श्रोता होता, असे मला वाटते. कारण समुद्रापार गेलेल्या हिंदी फौजेची करमणूक चालायची ती मुख्यतः हिंदुस्थानीत.

आणि निजामाच्या मुलखातूनही माणसे समुद्रापार गेली होतीच. 1941च्या डिसेंबरात जपानी सैन्य मलायात कोटा बारूला उतरले, तेव्हा तिथल्या विमानतळाच्या राखणीला हैदराबाद संस्थानची पलटण होती.

बीबीसीची हिंदुस्थानी सेवा लंडनहून मे 1940 मध्ये सुरू झाली. कपूरथळ्याच्या राजकन्या इंदिरादेवी 1942 मध्ये बीबीसीत रुजू झाल्या आणि मध्यपूर्वेतल्या हिंदी जवानांशी रेडिओवरून बोलू लागल्या. मराठीही तिथे होती. शिरोळच्या वेणू चितळे मराठी बातमीपत्र वाचत, आणि त्यावर देखरेख करणारा साहेब होता एरिक ब्लेअर, म्हणजेच जॉर्ज ऑर्वेल. तिकडे बर्लिनहून सुभाषबाबूंचा आझाद हिंद रेडिओही मराठीत बातम्या देई. थोडक्यात, मराठीच्या वाट्याला बातमी आणि प्रचार आला. गाणी-गप्पा हिंदुस्थानीने नेल्या.

आपल्या सीमाभागाशी खरा धागा जुळतो तो कोलंबोत. माउंटबॅटन यांनी 1944 मध्ये आपल्या आग्नेय आशिया कमांडचे (इंग्रजी आद्याक्षरांत ‘सीॲक’) ठाणे दिल्लीहून कँडीला हलवले. ब्रह्मदेश आणि त्यापलीकडच्या गोऱ्या शिपायांना विरंगुळा हवा, म्हणून कोलंबोत ‘रेडिओ सीॲक’ निघाला. पुढे बीबीसीवर गाजलेले डेव्हिड जेकब्ज इथे निवेदक होते. केंद्रासाठी कोलंबोजवळ ‘एकाला’ या गावी 100 किलोवॅटचा लघुलहरी प्रक्षेपक बसवला, पण तो पुरता कामाला लागेतो युद्धच संपले! शिपाई घरी गेले, यंत्र सिलोनच्या रेडिओला राहिले.

लघुलहरी आकाशात वर जाऊन वातावरणाच्या विद्युतभारित थरावर आपटतात आणि शेकडो मैलांवर खाली उतरतात. त्यामुळे कोलंबोचा आवाज बीदरच्या पठारावर सहज यायचा. सहज म्हणजे तरी कसा? छपराखाली तांब्याच्या जाळीची एरियलपट्टी ताणलेली, सेटला विटेएवढी बॅटरी, आणि 25 किंवा 41 मीटरवर काटा केसभर इकडेतिकडे सरकवत बसलेले कोणीतरी. गाणे मध्येच विरायचे, खरखर व्हायची, पुन्हा वर यायचे. वीज नसलेल्या गावात एका सेटभोवती सारी आळी जमायची.

1952 मध्ये डॉ. बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर भोक्ता. त्यांच्या काळात आकाशवाणीवरची सिनेगीते आधी आटली, मग जवळजवळ गायबच झाली. श्रोत्यांनी काटा सिलोनकडे फिरवला. त्याच वर्षी 3 डिसेंबरला सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, फिती कोलंबोला जायच्या आणि दर बुधवारी संध्याकाळी गाणी तिथून परत यायची. आपलीच गाणी, परदेशाहून!

सरकारला शहाणपण आले ते 3 ऑक्टोबर 1957 रोजी, विविध भारतीच्या रूपाने. तिच्यावरचा ‘जयमाला’ हा जवानांच्या फर्माइशींचा कार्यक्रम. पत्रावर गावाचा पत्ता नसायचा, नुसते ‘मार्फत 56 एपीओ’. जवान सियाचीनला आहे की जैसलमेरला, ऐकणाऱ्याला कळू नये, हाच हेतू. घरच्यांना मात्र नाव ऐकू आले म्हणजे पोरगा ठीक आहे, एवढे पुरे होई.

केसकरांवर मी सरसकट टीका करणार नाही. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला. पण शिपायाला आणि खेडुताला दिवस मावळल्यावर काय ऐकावेसे वाटते, हे त्यांना उमगले नाही. परक्या फौजेच्या उरलेल्या यंत्राने ते त्यांना शिकवले.

त्याच सिलोनमध्ये, म्हणजे श्रीलंकेत, 1987 ते 1990 भारतीय शांतिसेना होती आणि तीत महार रेजिमेंटची आठवी बटालियनही होती. हुलसूर, भालकी, निलंग्याकडच्या कोणाच्या घरी त्या बेटावर जाऊन आलेला जवान असेल, तर तिथे त्याने रेडिओवर काय ऐकले, एवढे त्याला विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा.