गाडीवरचे चिन्ह काळे करण्यापूर्वी

आमच्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी जुनी चारचाकी घेतली. आठवडाभर अंबडच्या कंपनीत कंत्राटी पाळी आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाबिग्नाचे भाडे, असा त्याचा हिशोब. गाडी धावायला बरी होती, पण मागच्या दारावरची चकचकीत अक्षरे डागाळली होती. एका अक्षराचा तर पापुद्राच निघाला होता. नवीन अक्षरे विकत घेण्यापेक्षा आहेत तीच काळी करून टाकू, असे त्याने ठरवले. हल्ली पोरांमध्ये ही हौस आहेच. कंपनीचे चिन्ह, मॉडेलचे नाव, पुढची जाळी, सगळे काळेभोर पाहिजे.

नाशिककरांना चिन्हांची अदलाबदल नवीन नाही. आपल्याकडे गाड्या बनवणाऱ्या महिंद्राने २०२१ साली मोठ्या गाड्यांवरचे चिन्ह बदलले. मायकोचे नाव २००८ साली बॉश झाले. चौकाला मात्र लोक अजून मायको सर्कलच म्हणतात.

भाच्याने आणलेला डबा साध्या काळ्या रंगाचा नव्हता. त्यात रबर असते, पातळ द्रावणात विरघळवलेले. फवारले की द्रावण उडून जाते आणि मागे रबराची कातडी राहते. ती खालच्या रंगाला घट्ट धरून बसते, पण त्याच्यात मुरत नाही. म्हणून नको झाली की नखाने कड उचलून सोलून काढता येते, खालचा रंग जसाच्या तसा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या प्लास्टी डिप या कंपनीने १९७२ पासून असला लेप बाजारात आणला, तो गाड्यांसाठी नव्हे, पक्कड-पान्ह्यांच्या मुठींसाठी. मूठ डब्यात बुडवायची, वाळवायची, हातातून निसटत नाही. (अशी मूठ केलेली पक्कड घेऊन कोणी चालू लाईनला हात लावू नये. तो लेप पकड बसावी म्हणून आहे, त्याच्या भरवशावर विजेशी खेळायचे नाही.) तोच लेप पुढे फवाऱ्याच्या डब्यात आला आणि गाडीवर चढला.

पहिल्या वेळी भाच्याने घाई केली. एकच थर मारला, तोही पातळ. रात्री पाहिले तर अक्षराखालून चंदेरी डोकावत होते. सोलायला गेला तर तुकडे-तुकडे निघाले, तासभर बोटांनी घासत बसला. मग गॅरेजवाल्या एका जाणत्या मिस्त्रीने त्याला युक्ती सांगितली. पातळ थर सुटत नसेल तर त्याच्यावरच आणखी दोन-तीन जाड थर द्यायचे आणि वाळल्यावर सगळे मिळून ओढायचे. एकसंध निघते.

काम नीट करायचे ते असे. आधी अक्षरे साबणाच्या पाण्याने धुवायची, फटीतला मळ जुन्या दातांच्या ब्रशने काढायचा आणि पॉलिशचा तेलकटपणा स्पिरिटने पुसायचा. तेल राहिले तर लेप धरत नाही. चिन्हाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडून बाकीच्या गाडीवर कागद आणि चिकटपट्टी लावायची. डबा चांगला हलवून वीतभर अंतरावरून हात सरकता ठेवून फवारायचे. पहिला थर नुसता धुक्यासारखा, पुढचे ओले दिसतील असे, एकूण चार-पाच, आणि प्रत्येक दोन थरांमध्ये वीस-तीस मिनिटे थांबायचे. शेवटचा थर ओला असतानाच चिकटपट्टी काढायची. पूर्ण वाळले की दात कोरायच्या काडीने अक्षराच्या कडेकडेने रेघ मारून भोवतालचे रबर उचलायचे. ते अक्षराच्या काठावर फाटते, अक्षर तेवढे काळे राहते. पेट्रोलच्या झाकणाजवळ हा उद्योग करू नये. पेट्रोलचा थेंब लागला की लेप विरघळतो. धुण्याच्या मशीनची जोरदार धारही कडेवर मारू नये.

आता ज्यासाठी आम्ही लिहायला बसलो ते. हे सगळे त्याने केले कुठे? पावसाचे दिवस, म्हणून पुढच्या खोलीत. गाडीची जाळी आणि चिन्ह काढून घरात आणले, पेपर पसरला, दार लोटून घेतले. आत ताईने गॅसवर भाजी ठेवलेली. आम्ही पोचलो तेव्हा वासाने डोळे चुरचुरत होते आणि धाकटी नात डोके दुखते म्हणून रडत होती. डब्यातला वायू आणि द्रावण, दोन्ही पेट घेणारे. वाफ नुसती नाकाला त्रास देत नाही, डोके गरगरते, मळमळते. गरोदर बाई आणि लहान मूल त्या वासात असताच कामा नये. नाकाला रुमाल बांधून ती वाफ अडत नाही. रंगाच्या दुकानात कोळशाच्या डबीचा मास्क मिळतो, तो लागतो. काम उघड्यावर, सावलीत, वारा मागून येईल असे उभे राहून करायचे. आम्ही आधी गॅस बंद केला, मग खिडक्या उघडल्या, मग बोललो. जरा जास्तच बोललो.

दाजी कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते एरवी पोराला काही म्हणत नाहीत. त्या दिवशी त्यांनी नुसते हात पुढे केले. दाजींची बावीस वर्षे प्लेटिंगच्या शॉपात गेली. गाडीवरचे ते चकचकीत अक्षर प्लास्टिकचे असते; त्याच्यावर तांबे, मग निकेल आणि सर्वांत वर क्रोमचा अगदी बारीक थर चढवतात. क्रोमच्या टँकवरच्या धुक्याने त्यांच्या बोटांना खोल गोल जखमा पडल्या, त्यांचे वण अजून आहेत. काहींच्या तर नाकाच्या पडद्याला भोक पडते. या धुक्यातल्या क्रोमने फुप्फुसाचा कॅन्सरही होतो. क्रोमच्या या जखमा १९४८च्या कारखाने कायद्यातच डॉक्टरने सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत होत्या. दाजींना ते कोणी सांगितले नाही. हातमोजे फाटले की नवीन मागायची सोय नव्हती.

“वास येतोय ना, मग थांबायचं,” ते म्हणाले. “आम्हाला वाटायचं सवय होईल.”

“अप्पा, ते वेगळं, हे वेगळं.”

“वेगळंच आहे. पण नाक एकच आहे.”

ताईने तेवढ्यात चहा आणला म्हणून विषय थांबला.

पुढच्या आठवड्यात ऊन पडल्यावर भाच्याने बाहेर मोकळ्या जागेत, मास्क लावून काम पुरे केले. आता ओळखीतली पोरे त्याच्याकडे गाड्या आणतात, चार पैसे सुटतात. एकाने नंबरप्लेटही काळी मागितली; भाच्याने नाही म्हटले ते बरे केले. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना कारखान्यातूनच सुरक्षा नंबरप्लेट येते, तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम असतो. तिला हात लावणे गुन्हा आहे. मागचे लाल दिवे आणि रिफ्लेक्टरही काळे करू नयेत, रात्री मागच्या ट्रकवाल्याला गाडी दिसत नाही. चिन्ह काळे केल्याने गाडीचा रंग बदलत नाही. पण सगळी गाडीच रंगवायची असेल तर आधी आरटीओत नोंद बदलून घ्यावी लागते, कारण नोंदणीच्या कागदावर रंग लिहिलेला असतो.

डबा उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवू नये, तापला की फुटतो. आणि रिकामा झाला तरी त्यात वायू उरतो. आपल्याकडे बंबाखाली कागद-पुठ्ठा, हाताला येईल ते सरकवायची सवय आहे. हा डबा तिथे जाऊ देऊ नका. घंटागाडीत वेगळा द्या.